शूटिंगमधला देव

"रंग ओला हाय. हात नका लावू."

देवळासमोर कोणी पर्यटक उभा राहिला, की गुरवबाबा एक हात आडवा धरून एवढंच म्हणायचे. तो रंग वाळून कितीतरी वर्षं झाली होती. एकदा पुण्याची एक बाई म्हणाली, अहो, गेल्या मे महिन्यात आलो तेव्हाही ओलाच होता की. बाबांचा चेहरा जराही हलला नाही. "खारी हवा हाय," ते म्हणाले. "वाळत न्हाय."

मी तिकिटाच्या खिडकीत बसून तोंडावर पदर घ्यायची.

दिघीच्या धक्क्यावर फेरीबोटीतून उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने आलात, तर सुरूच्या बनात आमचं ठिकाण लागतं. पाटीवर 'फॅमिली सी पॉइंट' लिहिलंय, पण पंचक्रोशीत सगळे त्याला शूटिंगच म्हणतात. जुन्या काळावरच्या एका सिनेमासाठी इथे एक अख्खं गाव उभं केलं होतं. किल्ल्याचा दरवाजा, कचेरी, बाजारपेठ आणि देऊळ. सिनेमावाले गेले, गाव राहिलं. पेणकडच्या मिठागरवाल्या घरातले, ट्रकच्या धंद्यात असलेले एक शेठ ते चालवायला लागले. तुम्ही पाहिलं असेल ना, लहान मुलं तिथली तोफ एका हाताने उचलतात आणि बाप खाली फोटो काढत असतात? बुरुजावर टिचकी मारली तर आतून खोक्यासारखा आवाज येतो. लोक खूश असतात. समोर समुद्र, हातात वडापाव, मागे खोटा किल्ला. आणखी काय पाहिजे माणसाला?

देवळातला देवही तसाच, फायबरचा. वाद नको म्हणून सिनेमावाल्यांनी कुठल्याच देवासारखा न दिसणारा देव केला होता. चार हात, एकात त्रिशूळ, एकात कमळ, वाहनाचा पत्ता नाही. लोक विचारायचे, हा कोणता देव? बाबा म्हणायचे, "इथला."

पण त्या देवापुढे दिवा असायचा आणि तो खरा होता. उन्हाळा, पावसाळा, पर्यटक असोत नसोत. रात्रीसाठी बाबांनी मोठी समई आणून ठेवली होती, आणि सकाळी आल्यावर आधी तिच्याकडे जायचे, मग माझ्याकडे हजेरीला. शेठना वाटायचं, म्हातारा हौशी आहे. मला तसं वाटत नव्हतं, कारण मला ती गोष्ट माहीत होती. नुसती माहीत नव्हती, मी तिच्यात बरबटलेली होते.

बाबा आमच्या गावदेवीचे गुरव. कोणाचं लग्न अडलं, होडी बुडता बुडता वाचली, की नारळ घेऊन बाबांकडे जायचं. ते देवीपुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचे आणि मागे जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणायची. असा खणखणीत आवाज की देवीलाही कंटाळा करायची सोय नव्हती. मात्र त्यांच्या घरात एक रिवाज होता. गुरवाने गावासाठी मागायचं, स्वतःसाठी नाही. आपलं गाऱ्हाणं आपण घातलं, तर मग देऊळ आपल्या घरचं झालं, असं त्यांचे वडील सांगून गेले होते.

आणि मागण्यासारखं बाबांकडे होतं. त्यांची एकुलती एक लेक संगीता, माझ्या वर्गातली. पनवेलच्या एका मुलाशी तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं. बाबा ओटीवर उभं राहून म्हणाले, पुन्हा ह्या दारात पाय ठेवू नकोस. ती गेली. सात वर्षं गेली. त्यात तिची आई वारली, तेव्हाही ती म्हसळ्याच्या स्टँडपर्यंत येऊन परत फिरली. बाबांना पश्चात्ताप नव्हता असं मुळीच नाही. मी त्यांना एकदा म्हटलंही, बोलवा ना तिला. तर म्हणाले, "बाय, बोललो ना एकदा." अशा माणसांचा मला भारी राग येतो. तोंडातून शब्द निघाला की तो ह्यांचा मालक, आणि हे त्याचे गडी.

मग शूटिंग आलं. आम्ही अख्खं गाव गर्दीत उभं. मी चार दिवस काखेत रिकामी कळशी घेऊन एकाच दगडाजवळून जात-येत होते. त्यात गाऱ्हाण्याचा प्रसंग होता. मुंबईहून आणलेला नट कंडक्टरने स्टॉप पुकारावा तसं गाऱ्हाणं म्हणायला लागला. शेवटी त्याला बाजूला करून गुरवबाबांना उभं केलं, पाठमोरं. बाबांनी आधी गावकऱ्यांना विचारलं. गावकरी म्हणाले, देव खोटा आहे, तुम्हीही खोटंच म्हणा, काय फरक पडतो?

बाबांनी खोटी गावं घेतली, खोटी नावं घेतली. एकदा झालं, दोनदा झालं, पाच वेळा झालं. दिग्दर्शकाला पसंत पडेना. त्याचा मदतनीस येऊन म्हणाला, काका, मनापासून येत नाहीये. स्वतःचं काहीतरी बोला. आवाज आम्ही आत्ता घेतच नाही, नंतर भरणार आहोत.

तिथेच चुकलं. समोर पेटलेला दिवा, हातात खरा नारळ, मागे सगळं गाव, आणि वर कोणीतरी सांगतंय की तुझा आवाज कुठे जाणारच नाही. मी दहा पावलांवर होते. मी ऐकलं.

"बा म्हाराजा, रागाच्या भरात बोललो ते सात वर्सं मला गिळवत न्हाय. माझी लेक दारात येऊ दे. आली तर मी जिता हाय तोवर तुझ्या म्होरचा दिवा इझू देनार न्हाय."

आणि मागून सवयीने आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी संगीताला फोन केला. म्हटलं, सगळ्या गावासमोर तुझ्यासाठी नारळ धरला त्यांनी. ती म्हणाली, येते, पण तू फोन केलास हे त्यांना सांगू नकोस. लोकांच्या सांगण्यावरून आली असं वाटायला नको. पंधरवड्यात ती आली, कडेवर पोरगी घेऊन. बाबा ओटीवर सुपारी फोडत होते. ते उठले, नातीला घेतलं, आणि सगळ्यात आधी शूटिंगकडे गेले. सामान न्यायला आलेले सिनेमावाले देवळाचा दरवाजा बंद करत होते. बाबांनी तो उघडायला लावला आणि दिवा लावला.

तेव्हापासून तो दिवा. गावदेवीची पाळी त्यांनी पुतण्याकडे दिली आणि शेठकडे झाडलोटीची नोकरी धरली. मी गप्प बसले. म्हटलं, म्हातारा सुखात आहे, आपलं काय जातंय?

जायची वेळ पुढे आली. प्लायवूड आणि प्लास्टर खाऱ्या हवेत किती टिकणार? एका पावसाळ्यानंतर देवळाच्या शिखराचा तुकडा एका गृहस्थांच्या पायाशी पडला. लागलं नाही, पण शेठ घाबरले. ते वाईट नव्हते हो. बाबांच्या शेजारी पायरीवर बसून म्हणाले, "काका, उद्या कोनाचे पोराचे डोक्यान परला तर मी काय करू?" देऊळ पाडायचं, तिथे मुलांसाठी पाण्याची घसरगुंडी करायची, असं ठरलं. मूर्ती हवी तर तुम्ही न्या, म्हणाले.

न्यायची कुठे? बाबा गावकीत गेले. गावकरी म्हणाले, देवीच्या राज्यात हा कोण? देवळात नको आणि गुरवाच्या घरात तर नकोच. मग ते भटजींकडे गेले. आमचे भटजी म्हणजे निवृत्त मास्तर, नारळीच्या वाडीचे मालक, सज्जन माणूस. बाबांनी त्यांना सांगितलं, रीतसर विसर्जन करून मला मोकळं करा. भटजी फार वेळ विचार करून म्हणाले, "ज्याची प्राणप्रतिष्ठाच झाली नाही, त्याचं विसर्जन कोणत्या मंत्राने करू? शास्त्रात तशी सोयच नाही."

म्हणजे बघा. ठेवावा तर तो देव नाही म्हणून जागा नाही, आणि सोडावा तर देव नाही म्हणून मंत्र नाही. बाबा आठ दिवस इकडून तिकडे फिरत होते. जेवण सुटलं. तिकिटं फाडताना मला ते दिसायचे आणि माझ्या हातून एकाऐवजी दोन फाटायची. कारण ह्या कुलपाची चावी माझ्याकडे होती असं मला वाटत होतं.

पाडायच्या आदल्या दिवशी, गेट बंद करताना, मी सांगून टाकलं. म्हटलं, बाबा, देवाने काही केलं नाही. मी फोन केला होता. संगीता माझ्या फोनमुळे आली. तुम्ही कुणाचंही काही देणं लागत नाही, सोडा तो दिवा.

बाबा वातीवरची काजळी काढत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "संगीनं तवाच सांगितलं."

मग हे सगळं कशासाठी, मी विचारलं.

"आनली तू असशील, नायतर त्यानं. ते तुमचं तुम्ही बघा. बोललो मीच ना?"

इतकी वर्षं मी ते गुपित जिवापाड जपलं होतं, आणि ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. मला रडू आलं. रागाने आलं की कशाने, मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजुरांनी मूर्तीचे बोल्ट काढले. ती एकट्याला उचलण्याइतकी हलकी होती. बाबांनी दिवा कंदिलाच्या काचेत घातला, मूर्ती खांद्यावर घेतली आणि समुद्राकडे निघाले. मंत्र नाही तर नाही, समुद्र तर आहे, असं म्हणाले. मी खिडकी बंद करून मागोमाग गेले. कंदील माझ्याकडे देऊन ते कमरेइतक्या पाण्यात शिरले आणि मूर्ती बुडवली.

फायबर ते. आत पोकळ. ती बुडणार कशी? बाबांचा हात निघाला की देव वर यायचा, उताणा, चारही हात आभाळाकडे. लाट त्याला बाबांच्या छातीवर आणून आपटायची. त्यांनी पुन्हा ढकललं. पुन्हा आला. किनाऱ्यावर सहलीची माणसं जमली, दोघांनी फोन काढले. एक कोळी होडीतलं पाणी उपसत होता, तो ओरडून म्हणाला, गळ्यात धोंडा बांधा, मी नेतो आत. बाबांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो पुन्हा मान वर करेना.

शेवटी बाबा बाहेर आले. ओल्या वाळूत बसले, देव मांडीवर. नाकातोंडात पाणी गेलं होतं. मला म्हणाले, "आता तूच सांग बाय, ह्याला ठेवू कुठं?"

मी कंदील धरून उभी होते. वाऱ्याने ज्योत जाऊ नये म्हणून पाठ करून उभी होते, एवढंच करता येण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत. देवाचं काय झालं हे कोणी विचारलं नाही. गुरवाच्या घरामागच्या परड्यात रिकामा गोठा होता, त्याच्या दाराला आता झावळ्यांचा झाप लावलेला असे आणि बाबा कुणाला तिकडे फिरकू देत नसत. गावाला कळलं नव्हतं असं नाही. गावकीचे लोक परड्याशेजारच्या वाटेने जाताना दुसरीकडे पाहायला लागले. माणसाला जागा देता येत नसली की निदान नजर फिरवता येते. संगीता सारखी म्हणायची, पनवेलला चला. ते म्हणायचे, घर सोडून येता येत नाही. चार वर्षं ते एस.टी.त चढले नाहीत. एकदा छातीत दुखलं, तेव्हाही अलिबागला दवाखान्यात राहायला तयार होईनात, संध्याकाळच्या आत घरी आणा म्हणून हटून बसले.

ह्या वर्षी होळीनंतर ते गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास नाही.

तेराव्यानंतर दुपारी संगीता मला घेऊन गोठ्यात गेली. तिने झाप बाजूला केला. देव भिंतीला टेकून उभा होता, रंगाचे पोपडे निघालेले, एक हात कोपरापासून नाही. पुढे दिवा होता. तेरा दिवस शेजारीण तेल घालत होती म्हणे, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

संगीताची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटेची होती. पनवेलला दोन खोल्यांचं घर, नवऱ्याची नोकरी, पोरीची दहावी. ती मला म्हणाली, काय करू गं? मी तिला त्या दिवशीचे शब्द जसेच्या तसे सांगितले. म्हटलं, जिवंत असेपर्यंत म्हणाले होते ते. तेवढंच बोलले होते. त्यांचं पूर्ण झालं, तू ह्यात कुठेच नाहीस.

"खरंच एवढंच बोलले होते?" तिने विचारलं.

म्हटलं, मी दहा पावलांवर होते.

तिने मान हलवली. आम्ही दोघी शेणाच्या जमिनीवर बसून राहिलो. फुंकर मारायला ती धजेना, मीही धजेना. दोघींच्या मनात एकच होतं, की तेल संपेल आणि आपोआप होईल. वात कोरडी पडली, तडतडली, ज्योत बारीक झाली.

संगीता उठली. कोनाड्यातून बाटली काढली आणि दिवा काठोकाठ भरला.