नावांसाठी सोडलेली जागा

आमच्या मासिकाला मासिक म्हणायची आम्हालाच लाज वाटते, कारण ते वर्षातून तीनदा निघतं. तेही छापखानेवाल्याचा मूड असेल तर. मैत्रीण लिहिते, मी पानं मांडते. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते आणि मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात औषधांच्या खोक्यांचं डिझाइन करते. दिवसभर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ ही ओळ कुठे बसवायची याचा विचार करून डोकं बधिर झालं, की संध्याकाळी गाण्याबजावण्याची पानं मांडायला बसते. बेंजो पार्ट्या, ताशेवाले, भजनी मंडळं, इमारतीच्या गच्चीवर रॅप करणारी पोरं, असं नवी मुंबईत जे जे वाजतं ते आमच्या अंकात येतं.

मांडणीच्या बाबतीत मी हट्टी आहे, हे आधीच कबूल करते. वाचकाच्या हाताला काम दिलं की तो पान सोडून पळत नाही, असं माझं ठाम मत आहे. ताशाच्या अंकात मी लेखाऐवजी ठिपके छापले होते. लहान ठिपका म्हणजे हलका ठोका, मोठा ठिपका म्हणजे दणका, आणि खाली एकच ओळ, ‘टेबलावर बोटांनी वाजवा’. लोकांनी स्वयंपाकाच्या ओट्यावर, ऑफिसच्या टेबलावर, एकानं तर हेल्मेटवर वाजवून व्हिडिओ पाठवले. बेंजो पार्टीचा अंक उघडला की तो चादरीएवढा व्हायचा आणि कोण वादक कुठे उभा राहतो याचा नकाशा दिसायचा. चार मित्रांनी तो जमिनीवर पसरून त्यावर उभं राहून फोटो काढला, तेव्हा मी आठवडाभर जमिनीला पाय लावले नाहीत.

माझे वडील मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या बाजारात आयुष्यभर पोती वाहिलेले. त्यांना माझ्या कोऱ्या जागा बघवत नाहीत. प्रत्येक अंक हातात घेऊन ते तेच विचारतात, “एवढी जागा मोकळी का सोडलीया? कागद फुकट मिळतोय व्हय?” मी सांगते, ती मोकळी जागा म्हणजेच डिझाइन आहे. ते मान हलवतात आणि अंक नीट घडी करून कपाटात ठेवतात.

धवल्याच्या अंकाची कल्पना मैत्रिणीची. ती करावे गावची. तिची आत्या तिथली धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंतचे विधी गाण्यातून लावणारी बाई. त्या गाण्यांना धवले म्हणतात. आत्याला लिहितावाचता येत नाही आणि त्यावाचून तिचं कधी अडलेलं मी पाहिलेलं नाही. मांडवात ती आली की मोठमोठे बिल्डरसुद्धा खुर्ची सोडून उठतात.

तीन दुपारी आम्ही तिच्या ओटीवर बसलो. ती गात होती, मैत्रीण लिहून घेत होती, मी पानाचा आकार डोक्यात जुळवत होते. मधूनमधून ती थांबायची आणि हातानं हवेत एक वळसा घेऊन म्हणायची, “इथं नावं घ्यायची.” मग पुढे सुरू. मैत्रीण कंसात ‘नावं’ असं लिहायची. मी मात्र त्या कंसाच्या प्रेमातच पडले. घरी येऊन मी जिथे जिथे नावं होती तिथे एक रेघ ओढली, दोन इंचांची, बारीक, हळदीच्या रंगाची. नवरीसाठी एक, नवऱ्यासाठी एक, मग दोन्हीकडचे आई, बाप, मामा वगैरे, अशा सात रेघा. वर लिहिलं, ‘तुमच्या घरची नावं भरा आणि गा’. सगळ्या रेघा एका मापाच्या असल्यामुळे पान इतकं देखणं झालं, की मी ते मोबाईलच्या स्क्रीनवर लावून टाकलं.

छापून आल्यावर पहिली प्रत आत्याला दिली. तिनं त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हे काय गो?”

“इथं नावं लिहायची, आत्ये,” मैत्रीण म्हणाली.

“येवढीच?”

“हो, अगदी सुटसुटीत केलंय,” मी अभिमानानं सांगितलं. आत्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि चहा टाकायला उठली. ती बघत होती ते कशासाठी, हे विचारावंसं मला वाटलं नाही. कौतुक ऐकायला मी इतकी उतावीळ असते, की समोरच्याच्या गप्प बसण्यालाही मी कौतुकच समजते.

अंक गावात हातोहात संपला. लोकांनी नेमक्या त्याच पानाच्या झेरॉक्स काढल्या. मी खूश होते. मग एक दिवस मैत्रीण शाळा सुटल्यावर तडक कारखान्याच्या गेटवर आली. त्यांच्या मागच्या आळीत लग्न होतं, आणि त्या घरच्यांनी आत्याला निरोप धाडला होता, “यंदा तुमी आराम करा. पुस्तकात सगलं हाय, आमच्या पोरीच म्हनतील.”

खरं सांगते, मला आधी आनंद झाला. माझं पान एका खऱ्या लग्नात वापरलं जाणार होतं! मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. “चाळीस वर्षांत तिला पहिल्यांदा कोणी नको म्हटलंय,” ती म्हणाली, “आणि हे एकच घर थोडीच आहे? पुढच्या महिन्यातल्या दोन घरांचाही निरोप आलेला नाही. आपण तिची गाणी जपायला निघालो आणि तिलाच घरी बसवलं.” मला माझ्या त्या देखण्या रेघांची शरम वाटली.

त्या लग्नाचं आमंत्रण आम्हाला मात्र आलं, पुस्तकवाल्या म्हणून. आणि वर मानानं पुढे बसवलं. मांडवात नवऱ्या मुलाला पाटावर बसवलं होतं. एका रंगाच्या साड्या नेसलेल्या तीन पोरी झेरॉक्स घेऊन उभ्या राहिल्या. मोबाईलवर ऐकून चाल बसवली होती, आवाजही छान होते. रेघांवर निळ्या पेनानं नावं भरली होती. अकरा मिनिटांत सगळं आटोपलं. टाळ्यासुद्धा पडल्या. लग्नविधीत टाळ्या पडतात हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग हळद लावायला नवऱ्याच्या मामीला पुढे बोलावलं. ती जागची हलली नाही.

“माझं नाव कुठं घेतलं?” ती म्हणाली.

“मामाचं घेतलं की,” कोणीतरी म्हटलं.

“मामाचं घेतलं तर मामालाच लावू दे हलद.”

मामीनं तोंड उघडल्यावर थोरल्या काकीलाही आठवलं की तिचंही नाव आलेलं नाही. मग शेजारीण, जिच्या अंगणात मांडवाचा निम्मा भाग होता. मग नवऱ्या मुलाच्या आईची म्हातारी आत्तेसासू पदरानं डोळे पुसायला लागली, कारण तिच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव या घराच्या प्रत्येक लग्नात घेतलं जायचं. त्या तीन पोरी झेरॉक्स उलटीपालटी करून बघत होत्या. एक माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, इथं जागाच नाय ना.” नवरा मुलगा पाटावर ताटकळला आणि हळदीच्या वाटीवर माशा बसू लागल्या. शेवटी घरातले आजोबा उठले आणि आम्हा दोघींकडे बोट करून म्हणाले, “तुमीच जा. आतेला घेऊन या.”

आत्या ओटीवर सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला केलं नाही.

“पुस्तकात हाय ना सगलं?”

“नाही, आत्या,” मी म्हटलं. “नावांना जागा कमी पडली. माझी चूक झाली. तुम्ही विचारलंत तेव्हाच मला कळायला हवं होतं.”

“कोन रुसलं?”

“मामी,” मैत्रीण म्हणाली. “आणि काकी, आणि शेजारीण, आणि...”

“मामी रुसनारच. तिनं पोराला दोन वर्सं सांभालला, आई आजारी होती तवा. हे तुज्या पुस्तकाला कोन सांगनार?” असं म्हणून ती उठली, हात धुतले, आणि सावकाश नवी साडी नेसली. केसांत फूल माळलं. घाई तिनं अजिबात केली नाही, आणि आम्हीही करा म्हटलं नाही.

ती मांडवात येऊन बसली आणि सव्वा तास गायली. आधी देव, मग गेलेली माणसं, मग जिवंत. मामीचं नाव तिनं तीनदा घेतलं आणि मामी तिसऱ्या वेळी हसली. शेजारणीला घेतलं, मांडवाचे बांबू बांधणाऱ्याला घेतलं, आचाऱ्याला घेतलं, जनरेटरवाल्यालाही घेतलं. तो बिचारा वायर हातात धरून लाजून उभा राहिला. माझ्या दोन इंचांच्या रेघेत ती निम्मा गाव बसवत होती. मी ऐकत होते आणि मनातल्या मनात वाट बघत होते, की आता आमचं येईल. जनरेटरवाला झाला, म्हणजे आता आम्ही. गाणं संपलं. आम्ही नव्हतो.

मला इतकं लागलं, की माझं मलाच हसू आलं. जेवताना मी मामीच्या शेजारी बसले आणि तिचं रुसणं मला शब्दन्‌शब्द पटलं.

पुढच्या अंकात मी धवल्याचं एक अक्षर छापलं नाही. हळदीच्या रंगाची जोडपानं, त्यावर आत्याचा हसरा फोटो, तिच्या परवानगीनं तिचा मोबाईल नंबर, आणि खाली एक ओळ, ‘बोलवण्याआधी घरातली सगळी नावं काढून ठेवा’. त्या पानांमध्ये एक घडी घातलेली लांब पट्टी होती, छापखान्यात कडेला कापून उरणाऱ्या कागदाची. त्यावर रेघ नाही, मथळा नाही, काहीच नाही. पुरली नाही तर दुसरी जोडा, एवढंच पाठीमागे छापलं होतं. वडिलांनी ती पट्टी जमिनीवर पूर्ण उलगडली. मी बोलणी खायच्या तयारीत होते. पण ते चष्मा लावून तिथेच बसले आणि पेन मागून गावाकडच्या भावकीची नावं लिहू लागले. सोळा झाल्यावर म्हणाले, “आता ही जागा बरोबर सोडलीया.”

आत्याचा फोन वाजायला लागला. आधी करावे, मग आजूबाजूची गावं, मग थेट नावडे. ज्या गावात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं तिथले लोक तिला बोलवत होते. ती आमच्याशी बोलायची, चहा पाजायची, पण त्या पानाबद्दल चकार शब्द काढायची नाही. नावड्याला जाताना मात्र तिनं मैत्रिणीला सांगितलं, “त्या सातारकरनीला पन घे.”

नावड्याच्या घरानं पट्टीला आणखी तीन पट्ट्या चिकटवल्या होत्या. नवरीच्या बहिणीनं ती सगळी दोनदा वाचून दाखवली. आत्या डोळे मिटून ऐकत राहिली. मग गायला बसली. देव आले, गेलेले आले, मामी, काकी, आचारी, बांबूवाला. जनरेटरवाला आला. मी मुद्दाम दुसरीकडे बघत होते, आणि आत्या थांबली नाही. तिनं माझं नाव घेतलं, मग भाचीचं घेतलं, आमच्या दोघींच्या वडिलांची घेतली, कागदावर घर मांडणाऱ्या पोरी म्हणाली. पूर्ण अनोळखी मांडवातली सगळी माणसं माना वळवून आम्हाला शोधू लागली. मला रडू फुटलं, आणि ते लपवायला माझ्याकडे रुमालही नव्हता.

“जनरेटरवाल्यानंतर!” मैत्रिणीनं मला कोपर मारलं. तिचेही डोळे भरले होते.

“गप्प बस,” मी म्हटलं, “ऐकू दे.”