आवारात पाच गाड्या

ताईंना सगळेच ताई म्हणत, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा. ॲम्ब्युलन्सवर इतकी वर्षं काढून त्यांचा आवाज असा झाला होता की घरी नुसतं "मीठ द्या" म्हणाल्या तरी सासूबाई दचकायच्या. रागीट म्हणून त्यांची ख्याती होती. पण पेशंटवर त्यांचा राग कधी निघाला नाही. तो निघायचा बंद लिफ्टवर, अडकणाऱ्या दरवाजांवर आणि गाड्यांचा कारभार बघणाऱ्या साहेबांवर, अर्थात साहेब समोर नसताना.

त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरला सगळे रेडिओ म्हणत, कारण त्याचं तोंड कधी बंद नसे. "सायरन बिघडला तर काळजी नको," बाकीचे म्हणायचे, "याला खिडकीतून डोकं बाहेर काढायला सांगा."

त्या दुपारी न्हाणीघरात घसरून पडलेल्या एका आजोबांना घेऊन दोघं हॉस्पिटलात आले. खुब्याचं हाड मोडलेलं, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला आजोबा दात आवळत होते. कॅज्युअल्टीच्या दारात सिस्टर म्हणाल्या, "बेड नाही. तुमच्याच स्ट्रेचरवर राहू द्या."

"किती वेळ?"

"मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का, ताई?"

सगळं घोडं इथेच अडायचं. स्ट्रेचर मोकळं होत नाही तोवर गाडी हलत नाही. कॉरिडॉरमध्ये आधीच चार स्ट्रेचर भिंतीला लागून उभी होती, प्रत्येकावर एक पेशंट आणि प्रत्येकापाशी पाय दुखणारं एक माणूस. बाहेर आवारात पाच गाड्या ओळीने उभ्या, जणू लग्नाच्या वरातीला आल्यात.

शेजारच्या स्ट्रेचरपाशी दुसऱ्या गाडीवरचा काडी उभा होता. दारातून शिरताना आडवं व्हावं लागेल असा आडदांड गडी, म्हणून नाव काडी. त्याने खिशातून बिस्किटांचा पुडा काढून ताईंपुढे धरला.

"सकाळपासून उभा आहे. आता भिंतीबरोबर मलाही चुना लावतील."

"आपल्याला चुना लावून झालाय रे कधीच," ताई म्हणाल्या आणि दोन बिस्किटं एकदम तोंडात टाकली.

तेवढ्यात फोन वाजला. कंट्रोलरूममधल्या मुलीचा आवाज रडवेला झाला होता. "ताई, कोणी मोकळं झालं का हो? हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत शिंप्याचं दुकान आहे. छातीत दुखतंय, घाम फुटलाय. त्यांच्या बायकोचा तिसरा फोन आहे. सगळ्या गाड्या अडकलेल्या दिसतात."

"मागच्या गल्लीत? अगं, मी इथून खडा मारला तर तिथे पडेल!"

"पण तुमच्याकडे पेशंट आहे ना... साहेब म्हणतात, पेशंट सोडून कोणी जायचं नाही."

ताईंनी फोन कानापासून दूर धरला आणि आजोबांकडे पाहिलं. आजोबा सगळं ऐकत होते.

"जा बाई तुम्ही," ते कण्हत म्हणाले. "मी काय पळून जाणार आहे?"

"मी बघतो यांच्याकडे," काडी म्हणाला. "दोन्ही स्ट्रेचर दोन हातांत. जा, ताई."

ताईंनी औषधांची बॅग उचलली, रेडिओने ऑक्सिजनचा सिलिंडर खांद्यावर घेतला आणि दोघं मागच्या गेटने पळत सुटले. रेडिओ त्या वेळी एक शब्द बोलला नाही.

शिंपी मशीनपाशी जमिनीवर बसला होता, राखेसारखा चेहरा, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. बायको त्याला धरून होती. ताईंना पाहून ती रडली नाही, भडकली.

"अर्धा तास झाला फोन करून! भिंतीवरून तुमच्या गाड्या दिसतायत मला! गेटवर गेले तर तिथला माणूस म्हणतो, फोन केलाय ना, येईल गाडी!"

ताई खाली बसल्या. त्यांनी शिंप्याला गोळी चघळायला दिली, नाकाला ऑक्सिजन लावला. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली हातांची खुर्ची ओढली. त्याला तिच्यात बसवून, पुढून रेडिओ आणि मागून ताई, असं दोघांनी उचललं. सिलिंडर बायकोने पोटाशी धरला. वाटेत ताईंच्या पाठीत चमक भरली, पण थांबायची सोयच नव्हती.

खुर्ची थेट कॅज्युअल्टीत नेऊन ठेवली. एका जरा बऱ्या पेशंटला उठवून शिंप्याला त्या बेडवर घेतलं. तरुण डॉक्टर ईसीजीची पट्टी बघत म्हणाले, "हृदयाचा बराच भाग दुखावलाय. इतका उशीर का केलात?"

ताईंचा बांध तिथे फुटला. "उशीर? या इकडे, दाखवते!" त्यांनी दार ढकलून कॉरिडॉर दाखवला. "पाच गाड्या, पंधरा पावलांवर पेशंट, आणि आम्ही इथे भिंतीला टेकून बिस्किटं खातोय! मला विचारता उशीर का?"

डॉक्टरांनी बाहेर पाहिलं. त्यांचेही डोळे जागरणाने लाल झाले होते. "मलाही बेड कोणी देत नाही, ताई," एवढंच म्हणून ते पेशंटकडे वळले. आता यांच्यावर तरी काय ओरडायचं? ताई आजोबांच्या स्ट्रेचरकडे परतल्या.

शिंपी वाचला. पण जिना चढायचा नाही, जड उचलायचं नाही, अशी ताकीद घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "पेशंट सोडून गेलात. त्याला काही झालं असतं तर?"

"आणि शिंप्याला झालं असतं तर?"

"तो तुमच्या गाडीचा पेशंट नव्हता."

यावर ताई इतका वेळ साहेबांकडे बघत राहिल्या की त्यांनी पंखा वाढवला. शिक्षा म्हणून ताईंना आठवडाभर गाडीवरून उतरवून गोदामात बसवलं. रेडिओ तणतणत आला. "मग मीपण बसतो गोदामात!"

"तू बसलास तर गाडी कोण चालवेल, शहाण्या? तुझी बडबड ऐकत इथे बसण्यापेक्षा मी नोकरी सोडेन."

तरी जेवायच्या वेळी तो यायचाच, काडीही यायचा, आणि खोक्यांवर बसून तिघं डबे उघडायचे. काडीनेच तिथे सांगितलं की कॉरिडॉरमध्ये आता सगळ्यांनी आपापसात ठरवलंय. दोन पेशंट बाकावर बसण्याजोगे असले तर बसवायचे, एकाने दोघांकडे बघायचं, पण एक स्ट्रेचर आणि एक गाडी मोकळी ठेवायचीच. सिस्टर बघून न बघितल्यासारखं करतात.

"आणि साहेब?"

"त्यांना वाटतं, परिस्थिती सुधारली."

ताई हसल्या, पण घास गिळताना त्यांना ते हसू कडूच लागलं.

घरी नवरा म्हणाला, "पुरे आता. पाठ गेली, वर शिक्षा. सोडून दे."

"सोडेन," ताई पाठीला शेक घेत म्हणाल्या. "आधी त्या साहेबाला तोंडावर चार शब्द सुनावते, मग सोडेन."

"गेली सहा वर्षं 'सुनावते, सुनावते' म्हणतेच आहेस," सासूबाई आतून म्हणाल्या आणि शेकायची पिशवी पुन्हा गरम करायला घेऊन गेल्या.