आप्पांचा एकुलता होकार

आप्पांना उभ्या आयुष्यात पहिल्या नजरेत काहीही पसंत पडलं नाही. बैल असो, विहिरीची जागा असो की ग्रामपंचायतीच्या भिंतींचा नवा रंग, त्याभोवती ते एक सावकाश फेरी मारायचे, खांद्यावरचं उपरणं झटकायचे आणि म्हणायचे, "बेस हाय. पन आपल्याला न्हाई." 'बेस हाय'नंतर ते एक श्वास घ्यायचे. त्या श्वासापुरता समोरच्याचा चेहरा उजळायचा आणि मग पडायचा.

केंदूरला त्यांचं शेत आमच्या बांधाला लागून. नात्यानं ते आमचे कुणी नव्हते, पण गावातलं कुणीही काही घ्यायला निघालं की आप्पांना गाडीत पुढच्या सीटवर बसवायचं, ही रीतच होती. वास्तविक त्यांना स्वतःला सायकलसुद्धा येत नव्हती. ट्रॅक्टरच्या पत्र्यावर टिचकी मारून ते आवाज ऐकत, आणि तो आवाज त्यांना काय सांगे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुधा त्यांनाही नाही.

माझ्यासाठी मुलगी बघायलाही वडिलांनी आप्पांनाच नेलं होतं. नवरीभोवती फेरी मारता येत नाही म्हणून त्यांनी तिच्या घराभोवती मारली, आणि परतताना निकाल दिला, "पोरगी बेस हाय. पन हसती लई." दुसऱ्या दिवशी आई कुणालाही न सांगता एसटीनं एकटीच गेली आणि पेढ्यांचा पुडा घेऊन परत आली. तीच माझी बायको. आप्पा घरी आले की ती त्यांना बिनसाखरेचा चहा द्यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त हसायची. आप्पा तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे आणि कप ठेवताना म्हणायचे, "हसतीय अजून."

आता माझ्याविषयी. मी रांजणगावच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही. सुपरवायझरनं डबल ड्यूटी सांगितली की हो. मेव्हण्यानं ऐन पेरणीत ट्रॅक्टर मागितला की हो. त्यामुळे सहावीतल्या मुक्तानं, माझ्या लेकीनं, "बाबा, मला डर्ट बाइक हवी," असं म्हटलं तेव्हा माझी पंचाईत झाली. शिरूरजवळच्या मुरमाच्या टेकाडावर तिनं तसल्या छोट्या मोटरसायकलींवरची लहान पोरांची शर्यत पाहिली होती. तेव्हापासून जेवताना ती ताटाच्या कडेवरून चटणीतून बोट फिरवी आणि तोंडानं इंजिनाचा आवाज काढी. राहू गावच्या एका गुऱ्हाळवाल्याकडे पोरांची जुनी बाइक विकायची आहे, ही बातमीही तिनंच शोधून आणली.

मला ती गाडी घ्यायची नव्हती. पोरगी पडेल, हातपाय मोडून घेईल, याची भीती वाटत होती. पण तसं तिच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. मी म्हणालो, "आप्पांना पसंत पडली तर घेऊ."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ताटात बघायला लागलो. मुक्ताचा चेहरा उतरला. तिलाही आप्पा माहीत होतेच. पण ती "बरं" म्हणाली. बापाला खरंच गाडीतलं कळत नाही म्हणून तो जाणत्या माणसाला नेतोय, असं तिला वाटलं असावं. निदान तिला तसं वाटावं अशी मी सोय केली होती.

रविवारी पिकअप घेऊन आम्ही तिघं निघालो. तळेगाव मागं टाकून भीमेचा पूल ओलांडला की राहूकडचा ऊस सुरू होतो आणि हवेला काकवीचा वास येतो. गुऱ्हाळवाल्याचा थोरला मुलगा हाफ पँटवर बाहेर आला. गाडी त्याच्या धाकट्या भावाची. भाऊ उंच झाला आणि गाडी तेवढीच राहिली, म्हणून विकायची. चिपाडाच्या ढिगाला टेकून ती उभी होती. लाल, बुटकी, चिखलानं माखलेली, नंबरप्लेट नसलेली.

आप्पांनी फेरी मारली. टायरच्या जाड गोट्यांवरून अंगठा फिरवून म्हणाले, "दात अजून शाबूत हायेत." मग खाली वाकून टाकीच्या बुडाशी काहीतरी शोधायला लागले.

"काय बघताय, आजोबा?" मुलानं विचारलं.

"भोवरा. खोडीचं जनावर केसातल्या भोवऱ्यावरनं कळतं."

"चावत नाही ती, आजोबा!"

"दावणीला हाय तवर कुनीच चावत न्हाई," आप्पा म्हणाले. मग त्यांनी गाडी दहा पावलं ढकलायला लावली आणि मागून टाळ्या वाजवल्या. ती उधळते का हे बघायला. मुक्ता हसू दाबून लालेलाल झाली होती.

एवढं झाल्यावर त्यांनी उपरणं काढून त्या मुलाच्या हातावर टाकलं आणि खाली आपला हात घातला. बैलबाजारात भाव असा उपरण्याखाली बोटं दाबून ठरतो, चारचौघांना कळू नये म्हणून. पोराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आप्पांनी दोन बोटं दाबली, तसा तो अंग चोरून हसायला लागला, "आजोबा, सोडा, गुदगुल्या होत्यात!" आप्पा गंभीरपणे माझ्याकडे वळले. "मानूस सरळ हाय. लबाडाला गुदगुल्या हुत न्हाईत."

मला धोका कळायला हवा होता. मी त्यांना गुळाच्या कढईच्या आडोशाला घेतलं आणि हळूच म्हणालो, "आप्पा, सांगून टाका आता. उशीर होतोय."

"काय सांगू?"

"नेहमीचं."

आप्पांनी उपरणं झटकलं. "गाव मला कशाला नेतं, मला कळत न्हाई व्हय? ज्याला नको असतंय त्यो मला नेतो. ज्याला पायजे असतंय त्यो एकटाच जातो आन् पेढं घिऊन येतो. तुझ्या आईगत." त्यांनी उपरणं परत खांद्यावर टाकलं. "न्हाई तुमचं, तोंड माझं. समद्या गावाच्या शिव्या मी खाल्ल्या. तुझ्या बायकूचा चहा प्यालो. पोरीला न्हाई म्हनायचं तर तुझ्या तोंडानं म्हन. जा, हुबी हाय ती."

मी वळून पाहिलं. मुक्ता गाडीच्या हँडलवरचा वाळलेला चिखल नखानं काढत होती. मी दोन पावलं गेलो आणि गाडीचं टायर दाबून बघायला लागलो.

आप्पा तिच्यापाशी गेले. "बेस हाय," म्हणाले, आणि श्वास घेतला. आम्ही सगळे थांबलो. मुक्तानं डोळे मिटून घेतले. गुऱ्हाळाचं इंजिन धडधडत होतं. 'पन' काही आला नाही.

परत येताना आप्पा पुढं बसायला तयार होईनात. "नवं जनावर हाय, बावरंल," म्हणत ते मागं हौद्यात गाडीचं हँडल धरून बसले आणि मुक्ता त्यांच्या शेजारी. यवतच्या बाजूनं फिरून आधी हेल्मेट, गुडघ्याच्या-कोपराच्या ढाली घेतल्या आणि मगच घरी आलो. मागं दोघांचं काही बोलणं चाललं होतं. वाऱ्यानं मला ऐकू आलं नाही.

पहिल्याच दिवशी मुक्ता आमच्या पडीक रानातून सुटली ती बांध ओलांडून थेट आप्पांच्या कांद्यात पडली. खरचटलंसुद्धा नाही. आप्पा वाफ्यात येऊन उभे राहिले. "गाडी बेस हाय," म्हणाले, "पन कांदा आपला हाय." त्यानंतर रोज संध्याकाळी ते बांधावर बसून तिच्या चकरा बघत. बायको त्यांना तिथंच चहा नेऊन देई. त्यात साखर असे.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. मुक्ता आता दहावीत आहे आणि तिचे गुडघे हँडलला लागतात. दहाव्याहून परतलो त्या दुपारी ती गाडी पुसत बसली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं. मला ती घ्यायचीच नव्हती, तुला नकार मिळावा म्हणूनच मी आप्पांना नेलं होतं, आणि तिथंही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

मुक्तानं फडकं पिळलं. "माहितेय, बाबा. येताना हौद्यात आप्पांनी सांगितलं होतं."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"ते म्हणाले, 'बाप हाय तुझा. येक दिस स्वतःच सांगंल. तवा निमूट ऐकून घे.'" तिनं मनगटानं डोळे पुसले आणि हसली, अगदी आईसारखी. "'तवर', म्हणाले, 'गाडी चालव.'"