दोन मिनिटं लावलेला फोन

लोक विचारतात, बाई, इतक्या वर्षांच्या नोकरीतली कोणती घटना अजून डोक्यातून जात नाही? त्यांना वाटतं मी खून सांगेन, नाहीतर दरोडा. मला आठवतो तो एक मोबाईल. काळा पडदा, मागे फुलाफुलांचं कव्हर, आणि तो ठेवलेल्या लिफाफ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेले दोन शब्द: बंद, नादुरुस्त.

तेव्हा मी नंदुरबार जिल्ह्यात, गुजरात सीमेजवळच्या एका ठाण्यात होते. शिपाई म्हणून लागलेली बाई मी, शिक्षण बेताचं. कायद्याची कलमं रात्रपाळीत स्टेशन डायरीशेजारी बसून पाठ केली. वय झाल्यावर उपनिरीक्षकाची श्रेणी मिळाली. हे मोठेपणासाठी सांगत नाही. चूक झाली तेव्हा मी नवखी नव्हते, एवढं कळावं म्हणून सांगते.

सोमवारी सकाळी हजेरी चालली होती. एक बाई पायरीवर येऊन बसली. डोंगराकडच्या गावची, ख्रिस्ती कुटुंबातली, स्वतःची थोडी शेती करून मजुरीला जाणारी. मी म्हटलं, "ताई, आत या." ती आत आली, पण खुर्चीवर बसेना.

"मुलगी फोन करते दर रविवारी. प्रार्थना झाली की. काल नाही आला. मी लावला, तर बंद."

मुलगी बावीस वर्षांची. नवरा सुरतेकडे कामाला. ती नवापूरकडच्या कोंबड्यांच्या शेडवर कामाला गेली आहे, असं आईला माहीत. शेडवाल्याकडे विचारलं तर तो म्हणाला, ती महिन्यापूर्वीच काम सोडून गेली. आईने हे सांगितलं आणि मग हळूच म्हणाली, "पाचवा महिना चालू आहे तिला."

मी बेपत्ता नोंद घेतली, वर्णन लिहिलं, आसपासच्या ठाण्यांना कळवलं. शेवटचं टॉवर लोकेशन मागवलं. तो अर्ज वरच्या कार्यालयातून जातो, त्याला वेळ लागतो. सज्ञान बाई आहे, येईल दोन दिवसांत, असंही कोणीतरी म्हणालं. ठाण्यात हे वाक्य फार सहज म्हटलं जातं. मीही पुष्कळदा म्हटलेलं आहे.

दुपारी खबर आली. स्टँडवर चहा विकणारा आमचा एक माणूस होता. त्याने कळवलं, एक पिकअपवाला बाईमाणसाचा बंद फोन घेऊन फिरतोय, कोण चालू करून देईल म्हणून विचारतोय. हवालदाराला पाठवलं. तासाभरात ड्रायव्हर समोर. मजुरांना शेतावर नेण्या-आणण्याचं काम करायचा. वय तिशीचं, अंगात नवा शर्ट, आणि डोळे सारखे जमिनीकडे.

"फोन कुठून आणला?"

"स्टँडवर सापडना मॅडम. बाकडाना खाले."

"मग ठाण्यात का नाही दिलास?"

"देनारच व्हतू."

चोरी केलेला माणूस आणि भ्यालेला माणूस यांचं खोटं वेगळं असतं. चोर जास्त बोलतो, भ्यालेला कमी. हा कमी बोलत होता, ते मला जाणवलं होतं. जाणवूनही मी पुढे रेटलं नाही. हवालदाराने ठाण्यातला चार्जर फोनला लावला. पडदा काळाच. ना आवाज, ना थरथर, ना बॅटरीचं चित्र. दोन मिनिटं पाहिलं त्याने.

"मरी गया मॅडम हाऊ फोन."

"दे, मी लिहिते तसं."

पंचनामा झाला, लिफाफा सील झाला, फोन मुद्देमाल खोलीत गेला. ड्रायव्हरचा जबाब घेऊन रोज हजेरी लावायची ताकीद दिली आणि सोडलं. हातात दुसरी कामं होतीच. मंगळवार गेला.

बुधवारी सकाळी ती आई पुन्हा पायरीवर. मी तिला फोनचं सांगितलं, की मिळालाय, पण मेलेला आहे. तिने कव्हरचं वर्णन विचारलं. फुलांचं म्हटल्यावर तिने लगेच विचारलं,

"लावून पाहिला?"

"पाहिला ताई. काहीच उजेड येत नाही."

"किती वेळ लावला?"

मी हवालदाराकडे पाहिलं.

"असाच आहे तो," ती म्हणाली. "पार उतरला की लगेच नाही उजळत. घरी होता तेव्हा मी लावायची, चूल पेटवायची, चार भाकरी व्हायच्या, मग त्याचं तोंड उजळायचं. तुम्ही मला विचारायचं ना, बाई."

रागाने नाही म्हणाली ती. रागाने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

समोरच्या झेरॉक्सवाल्याला आणि एका मास्तरांना पंच म्हणून बोलावलं. साहेबांना फोन करून परवानगी घेतली आणि लिफाफा फोडला. बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या चाचांना बोलावलं. म्हातारा माणूस, आधी घड्याळं दुरुस्त करायचा, मग मोबाईलकडे वळला. त्यांनी आमचा चार्जर हातात घेतला आणि म्हणाले, "मॅडम, ये चार्जर है या दीवार का खिळा?" कोणी हसलं नाही. त्यांनी तो बाजूला ठेवून आपला काढला. वायरच्या मध्ये एक छोटं मीटर जोडलं, बोटाएवढं.

"पडदा नहीं बोलता, ये बोलता है. करंट जा रहा क्या, आकडा दिखाता."

मीटरवर शून्य. त्यांनी वायर हलवली, आकडा चमकून पुन्हा शून्य. मग पिन दाबून पाहिली. "ये देखो, पूरी बैठतीच नहीं. खट् आवाज आना मंगता. अंदर कुछ भरेला है."

मी टेबलावरची टाचणी पुढे केली तर हातावर फटका मारल्यासारखं म्हणाले, "लोखंड नको! आतली पट्टी तुटेल." खिशातून दात कोरायची लाकडी काडी काढली, टोक चपटं केलं आणि आत घालून हळूहळू ओढलं. आतून आला तो कचरा नव्हता. दाबून दाबून घट्ट झालेला, लोकरीसारखा पांढरा बोळा. त्यात वाळक्या पानाचा चुरा. सगळा मिळून एका मुगाएवढा.

कापूस.

आई पुढे झाली. "ओटीत ठेवते ती फोन. किती वेळा सांगितलं, वेचताना ओटीत नको ठेवू, तोंडात कापूस जातो त्याच्या." आणि ती थांबली. "पण या दिवसांत कापसाला जाणार नाही म्हणाली होती ती..."

कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला कापडाची ओटी बांधतात, वेचलेला कापूस तिच्यात टाकत जातात. हात मोकळे हवेत, साडीला खिसा नाही, मग फोन त्याच ओटीत. दिवसभर त्या कापसात तो लोळतो. कोंबड्यांच्या शेडमध्ये भाताचा तूस असतो, कापूस नसतो. दुसऱ्या शेडवर गेली असेल म्हणून आम्ही दोन दिवस शेडवाल्यांकडे फिरत होतो.

चाचांनी पुन्हा पिन लावली. खट् आवाज आला. मीटरवर शून्यानंतर बारीक आकडा उभा राहिला आणि टिकला. पडदा मात्र तसाच काळा.

"चालू हुआ?" मी विचारलं.

"पीता है, थोडा थोडा. बॅटरी एकदम खाली गेली. अभी कोई हात मत लगाओ, बटण मत दबाओ."

तेवढ्यात ड्रायव्हर हजेरीला आला. मी त्याला बसवलं. पांढऱ्या कागदावर तो बोळा ठेवला आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"का रे भाऊ, स्टँडवरच्या बाकड्याखाली कापूस पिकतो का?"

"मॅडम, कोनाबी फोनमा कचरा जास."

"ती कुठे आहे?"

"माले मालूम नई."

आई त्याच्याकडे बघत होती. वीस मिनिटं झाली असतील. चाचांनी फोनच्या पाठीला बोट लावलं आणि मान हलवली, कोमट होता. मग पडद्यावर बॅटरीचं लाल चित्र आलं. आणखी थोडा दम धरून त्यांनी बटण दाबलं. लॉक आईने उघडलं. एक रेघ खाली, एक आडवी. फोनचा पॅक संपलेला होता. ना फोन लागणार, ना निरोप जाणार. हवालदाराने आपल्या मोबाईलचं नेट त्याला दिलं.

आणि आईच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला.

तीन निरोप. मुलीने बोलून ठेवलेले, पॅक नाही म्हणून तिच्याच फोनमध्ये अडकून राहिलेले. आईने पहिला लावला. बोली घरची होती, मला अर्धीच कळत होती. आई ऐकता ऐकता मला मराठीत सांगत गेली.

"म्हणते, आई, रागावू नको. खोटं सांगितलं. कापसाला आलेय, कळसाडीकडे."

दुसरा. "म्हणते, ताप आहे. बाकीच्या बाया आज जाणार. गाडीवाला म्हणतो उद्या तुला नेतो, फोन पण नीट करून आणतो."

तिसरा फार हळू होता. "उसाच्या मागे खोप आहे. विहिरीवर निळी टाकी. आई, पोटात दुखतंय."

ड्रायव्हरने डोकं दोन्ही हातांत धरलं. "गाडी भरेल व्हती मॅडम. मी म्हनं, सकाय लई जासू. सकाय दुसरं भाडं उनं. मंग पोलिसमा नोंद झायी आयकं, आनि माले भ्याव वाटनं."

शनिवारी तिला तिथेच सोडलं होतं त्याने, सकाळी नेतो म्हणून; सकाळी दुसरं भाडं आलं आणि तो गेलाच नाही. बाकीच्या बायांना वाटलं, ती दुसऱ्या गाडीने येईल. शेतमालकाला वाटलं, ती सगळ्यांबरोबर गेली.

मी कळसाडीकडच्या ठाण्याला फोन केला, खुणा सांगितल्या, निळी टाकी, ऊस, खोप. आईला गाडीत घेऊन आम्हीही निघालो. वाटेत निम्म्या रस्त्यावर फोन आला: सापडली, श्वास चालू आहे, दवाखान्यात नेतोय. आईने गळ्यातला क्रूस मुठीत धरला तो दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही.

मुलगी वाचली. पोटातलं मूल गेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "सोमवारी आणली असती तर कदाचित." त्या "कदाचित"वर मी पुष्कळ वेळा जाऊन बसते.

पुढे ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाला. मलाही लेखी खुलासा मागितला गेला, जप्त फोन नेटला का जोडला म्हणून. तो मी दिला. सोमवारी दोनच मिनिटं का थांबलात, हा खुलासा मात्र कोणी मागितला नाही. कागदोपत्री ती चूकच नव्हती.

निवृत्तीनंतर आता शेजारपाजारचे लोक फोन घेऊन येतात, बाई बघा हो, मेला. मी चांगला चार्जर लावते, पिन नीट बसली का बघते, आत कापूस, धूळ, पीठ असेल तर लाकडाच्या काडीने काढते. आणि त्यांना बसवते. चहा होतो, दुसरा होतो. जाईपर्यंत बहुतेक फोन उजळलेले असतात. जे नाही उजळत ते खरोखर गेलेले. पण ते मी अर्ध्या तासानंतर म्हणते, आधी नाही. आणि वस्तू ज्याची, त्याला पहिलं विचारते, तिच्या खोडी काय. माणसांच्या बाबतीतही मी नोकरीच्या शेवटी तेच करायला लागले होते. उशिरा लागले.

तेव्हा, त्या बुधवारानंतर दोन महिन्यांनी ती मुलगी आईबरोबर फोन परत घ्यायला ठाण्यात आली. फार बारीक झाली होती. सुपूर्दनाम्यावर सही केली, लिफाफा हातात घेतला. त्यावरचं माझं अक्षर तिने वाचलं. शाळा शिकलेली होती.

"बाई, तुम्ही चार्जिंगला लावला नव्हता का?"

"लावला होता, बाळा," मी म्हटलं. "दोन मिनिटं."

सवयीने फोन ओटीत टाकायला तिचा हात कमरेपर्यंत गेला, तिथून तिने तो मागे घेतला आणि आईच्या पिशवीत ठेवला.