पद्माचं सोवळं

हिंदी मुलखातल्या दूधविनायकच्या मराठी गल्लीत सून म्हणून आलेल्या पद्माच्या उजव्या दंडावर जन्मापासून साबुदाण्यासारख्या फोडांचा पुंजका होता. त्यातून पाणी झिरपायचं. लहानपणी एकदा कापून काढला, तर व्रणाच्या कडेने फोड पुन्हा उगवले. दुखणं फारसं नव्हतं. पण अंगातून पाणी गळणाऱ्या बाईला सोवळ्यात कसं घ्यायचं? म्हणून गौरींचा स्वयंपाक सासूबाई, कालिंदीबाई, करायच्या आणि पद्मा बाहेर बसून भाज्या चिरायची. एकदा तरी गौरींचं पुरण आपल्या हातचं व्हावं, एवढंच तिचं मागणं होतं.

चौऱ्याण्णवच्या चैत्रात नवरा दिनानाथ तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. पुन्हा कापतील म्हणून ती धास्तावलेली.

"कापायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "सुईनं आतलं पाणी ओढायचं आणि त्याच जागी औषध सोडायचं. पोकळ्या हळूहळू चिकटून बंद होतात. दोन-तीन खेपा लागतील. आधी सूज येईल, तापही येईल. घाबरायचं नाही."

पहिली सुई झाली आणि दुसऱ्याच दिवशी सूज, ताप दोन्ही आलं. दिनानाथ बँकेत गेलेला. कालिंदीबाईंनी ताप पाहिला, लाल झालेले फोड लांबूनच पाहिले आणि ठरवून टाकलं, माता आल्या, कांजिण्याच या! दाराला कडुनिंब लागला, मातेला चालत नाही म्हणून घरात फोडणी बंद झाली. संध्याकाळी दिनानाथच्या पानात नुसतं उकडलेलं वरण पडलं.

"आई, अगं हा औषधाचा ताप आहे."

"तू गप जेव. आता पुन्हा सुई टोचायची नाही. कोप होईल."

पद्मा अंथरुणातून म्हणाली, "आई, माता असत्या तर अंगभर उठलं असतं. हा दंडच तेवढा सुजलाय. जवळून बघा तरी."

इतक्या वर्षांत कालिंदीबाईंनी तो दंड जवळून पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा लावला, सुजेवरून हलकेच बोट फिरवलं.

"किती गं ठणकत असेल!"

पुढच्या खेपेला त्या स्वतः बरोबर गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "जरा पतली सुई लीजिएगा."

भाद्रपदापर्यंत पुंजका सुकला. गौरीजेवणाच्या सकाळी कालिंदीबाईंनी सोवळ्याचं लुगडं पद्माच्या हाती दिलं.

"आई, दोन-चार दाणे राहिलेत अजून."

"गळत नाहीत ना? मग नेस."

पुरण शिजू लागलं तशा त्या दारातून म्हणाल्या, "गूळ जास्त पडलाय."

"न चाखता?"

"वास येतोय की."

"मग गौरींनाच ठरवू द्या," पद्मा म्हणाली आणि पुरण घाटत राहिली.