चाकाखालची लिंबं

बंगळूरजवळच्या आनेकलमधल्या माझ्या शेडमध्ये साड्या भरायचे पुठ्ठ्याचे खोके तयार होतात. ते चिकपेटच्या साडीबाजारात पोचवायला मी एक जुना पिकअप घेतला होता. त्या वर्षी आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, तोंडावर त्याची चार दुखणी एकदम वर आली. सकाळी चालू होईना, इंजिन तापायचं, हँडब्रेक धरायचा नाही आणि ब्रेकवर पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली जायचं. मेकॅनिककडे सगळं द्यायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी पडलो चिक्कू. सगळं स्वतःच करायचं ठरवलं.

पहिल्या दोन दुखण्यांनी मला शेफारून ठेवलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर चढला होता. तो गरम पाण्यानं धुतला, टोकं आवळली आणि गाडी एका किल्लीत चालू झाली. रेडिएटर ठिबकत होता. त्यात बायकोच्या डब्यातली मूठभर हळद टाकली, ठिबकणं थांबलं. "आता ब्रेकला काय, मोहरीची फोडणी देणार?" ती म्हणाली. हँडब्रेकची तार सैल झाली होती, तर मी चाकापुढं वीट लावू लागलो.

ब्रेकचं तेल दाबणारा सिलिंडर मात्र काढून बंगळूरच्या शिवाजीनगरला नेला. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं त्याच्या आतून नख फिरवलं. "अण्णा, आत चरा पडलाय. नवं रबर टिकणार नाही. अख्खा बदला." मी म्हटलं, नुसती रबरं द्या. "सरी, निम्मिष्ट," तो म्हणाला. तुमची मर्जी. रबरं मीच बसवली. पेडल चांगलं कडक झालं. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या आणि मिशीला पीळ दिला.

मी निपाणीकडचा, पण बायको इथंच जन्मलेली, इथंच वाढलेली. त्यामुळे आयुधपूजा तिच्या हुकमतीत. गाडी घरासमोरच्या उतारावर, तोंड खाली करून उभी होती. मी ब्रेकवर पाय ठेवून आत बसलो. तिनं चारही चाकांपुढं लिंबं ठेवली, वीट उचलून बाजूला केली आणि आरतीचं ताट घेऊन गाडीच्या बरोबर समोर उभी राहिली. "स्वल्प पुढं घ्या हो. लिंबं फुटली की थांबा." एवढं बोलून तिनं डोळे मिटले.

मी पाय उचलला. लिंबं फुटल्याचा आवाज आला. मी ब्रेक दाबला, तर पेडल तळाला गेलं, लोण्यात पाय घातल्यासारखं. गाडी चालतच राहिली. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. हॉर्न सुचला नाही, गिअर सुचला नाही. तिचे मिटलेले डोळे तेवढे दिसत होते. पुन्हा दाबला. पुन्हा. चौथ्यांदा आत काहीतरी धरलं आणि गाडी थांबली. तिच्या निऱ्या बंपरला टेकल्या होत्या.

तिनं डोळे उघडले आणि हसली. "किती जवळ आणलीत! पण थांबवलीत बरोब्बर." ती वाकून बॉनेटला कुंकू लावू लागली आणि माझ्या पायाखाली पेडल परत खाली जाऊ लागलं.

"बाजूला हो!" मी असा ओरडलो की शेजारी बाहेर आले. ती दचकून सरकली. गाडी गिअरवर अडकून राहावी म्हणून मी रिव्हर्स टाकला, इंजिन बंद केलं, आणि कसाबसा उतरून पायरीवर बसलो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

"सणाच्या दिवशी माझ्यावर असं ओरडायला झालं काय?" तिचे डोळे भरले होते. खरं सांगायची हिंमत झाली नाही. म्हणालो, "आमच्या गावाकडं पूजेला गाडीपुढं उभं राहत नाहीत. तशी रीत आहे."

दसरा झाल्यावर अख्खा सिलिंडर नवा घातला, हँडब्रेकची तारही बदलली. ब्रेक आता चोख लागतात. तरी दरवर्षी लिंबांवर गाडी घालण्याआधी मी पेडल चार वेळा दाबून बघतो.

बायको मात्र तेव्हापासून न चुकता बाजूला उभी राहते. यंदा शेजारची नवी सून ताट घेऊन नवऱ्याच्या गाडीपुढं उभी राहिली, तर हिनं धावत जाऊन तिला हाताला धरून ओढलं. "पुढं नको गं. ह्यांच्या गावाकडची रीत आहे, फार जुनी," ती म्हणाली आणि कौतुकानं माझ्याकडं बघितलं. मला तिच्याकडं बघवलं नाही.