तीन गाठींची वायर

रशीदचाचा गेले, आणि त्यांच्या घराच्या टिनाच्या छतावर चार वायरी अजून लटकून होत्या.

आज अकोल्याला जाऊन त्या काढल्या.

चाचा माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगते. चाचा माइकच्या लीड हातानं बनवायचे. माइकपासून मिक्सरपर्यंत जाते ना, ती काळी वायर. आत दोन तारा, त्यांच्याभोवती तांब्याची जाळी, लाइटची घरघर आत येऊ नये म्हणून. आम्ही साउंडवाले तिला बॅलन्स्ड लीड म्हणतो. रेडिमेडही मिळते. पण रोज गुंडाळून, रोज उलगडून वर्षानुवर्षं टिकायची ती चाचांचीच.

मी अमरावतीत साउंड करते. व्याख्यानं, गाण्याचे कार्यक्रम, कोचिंग क्लासचं रेकॉर्डिंग. लग्न सोडून काहीही.

अकरा वर्षांपूर्वी मी शहाणपणा केला. इंटरनेटवर वाचून शंभर मीटरचा रोल मागवला आणि स्वतःच लीड बनवल्या. स्पेसिफिकेशन एकदम भारी होतं.

तिसऱ्याच कार्यक्रमात गायिकेनं आलाप सुरू केला आणि स्पीकरमधून भुंssss.

स्टेजवरचे लाइट वाढवले की तो आवाजही वाढायचा. बाईंनी गाणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

कार्यक्रमाचा दुसरा दिवस बाकी होता. कोणीतरी चाचांचा नंबर दिला. ओळख ना पाळख, माणूस सकाळच्या एसटीनं स्वतःच्या लीड पिशवीत भरून हजर.

आधी त्यांनी माझी एक लीड कापून उघडली. आत जाळी नव्हतीच. बिस्किटाच्या पुड्यात असतो तसा चमकता कागद होता, गुंडाळून गुंडाळून फाटलेला.

"हे भित्तीत गाडाची वायर व्हय वं," चाचा म्हणाले. "एकडाव टाकली का हलवाची नाई. तू तिले रोज नाचवून राहिली."

त्या दिवसापासून मी वायर निवडायची हिंमतच सोडली. दरवर्षी माझा एकच प्रश्न. चाचा, कोणती घेऊ?

आणि त्यांचं एकच उत्तर. "घाई कायची हाय?"

कारण चाचांची वायर उन्हाळ्याशिवाय ठरत नसे. एप्रिलमध्ये दुकानांतून नमुने आणायचे. प्रत्येकाचा टेप लावून मोजून एक मीटरचा तुकडा. त्यावर छापलेलं कंपनीचं नाव थिनरनं पुसून टाकायचं. ओळख म्हणून गाठी मारायच्या. एक, दोन, तीन, चार. कोणती गाठ कुठली, ते फक्त चाचांच्या डोक्यात.

मग अख्खा मे महिना टिनावर. अकोल्याचा मे! मृगाच्या आदल्या दिवशी काढायच्या आणि हातानं तपासायच्या. नापास वायरीला चाचा सोल्डर, म्हणजे डाग द्यायचं कथील, दाखवतसुद्धा नसत.

"नाव कशाला पुसता?" मी एकदा विचारलं होतं.

"नाव वाचलं का हात खोटं बोलते."

यंदा मला तीस लीड बनवायच्या आहेत. जुन्या पार थकल्या. एप्रिलमध्ये मी नेहमीचा प्रश्न विचारला आणि चाचा भडकले.

"मी काय जन्मभर पुरणार हाय तुले? यंदा तू सांगजो. आधी तू हात लावजो, मंग मी. तवर कोणी वर जाचं नाई."

"तुम्हीपण नाही?"

"मीबी नाई."

बारा दिवसांपूर्वी हार्ट अटॅक आला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

उद्या मृग. म्हणून आज गेले. चाची शिडी धरून खाली उभ्या राहिल्या.

एक गाठवाली चिकट झाली होती. बोटांना काळं लागलं. दोनवाली काठीसारखी कडक. चारवाली ठीक होती, पण वाकवली की वळ तसाच राहायचा.

तीनवाली पंज्याभोवती गुंडाळली, सोडली, जमिनीवर टाकली. पसरून सरळ पडली. पुन्हा टाकली. पुन्हा सरळ.

तरी मी पंधरा मिनिटं चौघींना उलटसुलट करत बसले. चुकले तर सांगायला कोणी नव्हतं, आणि ती भुंss मला अजून ऐकू येते.

शेवटी म्हटलं, "चाची, तीन."

चारही तुकडे शेजारी शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आलं. एक गाठ कमी असूनही तीन गाठींची वायर चार गाठींच्या वायरीपेक्षा आखूड होती. चांगली वीतभर. एका टोकाचा काप ताजा होता.

चाचींना दाखवलं.

"गेले ना, त्याच्या आदल्या दिवशी वर चढलते," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, येवढ्या धूपमधी काहून चढता? त म्हने, टिन ढिलं झालं, पाहून येतो."

मग आत जाऊन त्यांनी चाचांच्या टेबलावरून एक तुकडा आणला. वीतभर. सोललेला, जाळी नीट पिळलेली, दोन्ही तारांच्या टोकांना सोल्डर लावलेलं.

वायरीच्या कापाला त्याचा काप लावून पाहिला, तंतोतंत जुळला.

म्हणजे नियम यांनीच केला आणि यांनीच मोडला. अकरा वर्षं मला "घाई कायची" म्हणणाऱ्या माणसाला दोन आठवडे दम धरवला नाही.

मी तिथेच टेबलाशी बसून रडले. लिहून टाकते, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको.

वायर कुठल्या कंपनीची, ते अजून माहीत नाही. उद्या हा तुकडा हातात घेऊन दुकानं फिरेन. नाव सगळ्यात शेवटी वाचेन.

चाचा, चीटिंग केलीत.

पण आपल्या दोघांचं उत्तर एकच आलं.

सलाम.